थप्पीवरचे गणित

लातूरच्या आडत बाजारात तुरीच्या पोत्यांची थप्पी लावताना जे पोते अखेरीस चढते तेच प्रथम उतरवावे लागते, आणि हमालांच्या नित्य परिचयाचा हा नियमच काही लघुप्रक्रियकांच्या रचनेचा मूलाधार आहे, याचे वाचकांस नवल वाटेल. चार्ल्स मूर यांनी १९७० च्या सुमारास दुर्बिणींच्या नियंत्रणासाठी वापरात आणलेली ‘फोर्थ’ ही भाषा याच तत्त्वावर चालते. ‘५, ७, मिळव, २, गुण’ असा हुकूम दिला की ५ व ७ थप्पीवर चढतात, ‘मिळव’ हा शब्द ती दोन्ही उतरवून १२ ठेवतो, मग २ चढतात आणि अखेरीस २४ उरतात. क्रियापद शेवटी येण्याची ही रीत मराठी भाषकाच्या जिभेवर जन्मापासूनच असते.

थप्पीवर चालणाऱ्या प्रक्रियकात संख्या कोठून घ्यावयाची याचा तपशील प्रत्येक हुकुमात नोंदवावा लागत नसल्यामुळे हुकूम आखूड राहतात व प्रक्रियकाचे मंडलही आटोपशीर होते. २०१४ साली धूमकेतूवर उतरलेल्या ‘फिले’ यानात असेच प्रक्रियक होते. आणि जेम्स बोमन यांनी २०१० साली मांडलेल्या ‘जे-१’ या १६ बिटांच्या प्रक्रियकाचे समग्र वर्णन तर व्हेरिलॉग या मंडल-वर्णनाच्या भाषेच्या २०० हून कमी ओळींत मावते.

२०१६ साली ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील आणि नांदेडच्या विष्णुपुरी येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ‘जे-१’च्या त्या ओळी स्वतः वाचाव्यात, आणि त्या प्रक्रियकावर ठिबक सिंचनाची एक झडप चालवून पाहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.