तीर्थाचें पाणी आणि पटकीचा जंतु

त्र्यंबकेश्वरीं कुशावर्तावर स्नान करावें, तेंच पाणी मुलांबाळांच्या ओठांस लावावें व गडू भरून घरीं आणावा, ही आपल्या कुटुंबांतील जुनी रीत. तींतील श्रद्धेस बाध न आणतां एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, सहस्रावधि लोक जेथें स्नान करितात तें पाणी पिऊं नये.

पटकीचा जंतु रोग्याच्या विष्ठेंतून पाण्यांत व पाण्यांतून निरोगी मनुष्याच्या पोटांत जातो. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यांस तो कलकत्त्याच्या एका तळ्यांत सांपडला. तो घात कसा करितो, हें १९५९ सालीं त्याच शहरीं डॉ. शंभुनाथ डे यांनीं दाखविलें. जंतूच्या विषामुळें शरीरांतील पाणी व क्षार आंतड्यांवाटे झपाट्यानें वाहून जातात. अर्थात् गेलेलें पाणी भरून काढणें हाच मुख्य उपाय. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित-छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं क्षार व ग्लुकोज यांचें पाणी पाजविलें, तेव्हां शेंकडा तीसच्या घरांतील मृत्यूंचें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें.

घरांत कोणास जुलाब होऊं लागल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावें. अंगावरचें दूध बंद करूं नये, आणि डॉक्टरांस विनाविलंब बोलवावें.

वडील मंडळी विचारतील, तीर्थ उकळावें काय? गडू देव्हाऱ्यांत खुशाल असावा. मुलांच्या पेल्यांत मात्र उकळलेलेंच पाणी असावें.