व्हिनियर (लाकडी पापुद्रा)

व्हिनियर म्हणजे लाकडाच्या ओंडक्यापासून सोलून, तासून किंवा करवतीने कापून काढलेला पातळ व सलग पापुद्रा होय. त्याची जाडी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरपासून तीन-चार मिलिमीटरपर्यंत असते. असे पापुद्रे एकमेकांवर चिकटवून प्लायवुड तयार करतात. आगपेटीतील काड्या पापुद्रे बारीक चिरून बनवितात, तर मौल्यवान लाकडाचे पापुद्रे फर्निचर, दरवाजे व भिंतींच्या सजावटीसाठी वापरतात. ओंडका कापण्याच्या पद्धतीवर पापुद्र्याचे रूप व उपयोग अवलंबून असतात. कोणत्या प्रकारचे झाड तोडले जाईल, हेही बऱ्याच अंशी याच पद्धतीवर ठरते.

ओंडक्याची पूर्वतयारी

व्हिनियरसाठी सरळ, गोल आणि गाठी नसलेला ओंडका लागतो. गाठीच्या जागी पापुद्र्याला भोक पडते किंवा तो तेथे फाटतो. कोरडे लाकूड पात्याखाली तडकते, म्हणून ओंडके पाणी मारून किंवा पाण्यात बुडवून ओले ठेवतात. कठीण लाकूड गरम पाण्यात अथवा वाफेवर ठेवून मऊ केले जाते. त्यानंतर साल काढून ओंडक्याचे ठरावीक लांबीचे तुकडे करतात.

कापण्याच्या पद्धती

सोलणे : प्लायवुडसाठी मुख्यतः ही पद्धत वापरली जाते. ओंडका यंत्रात आडवा धरून स्वतःभोवती फिरवतात आणि त्याच्या पूर्ण लांबीइतके धारदार पाते त्याला लावतात. ओंडक्याच्या प्रत्येक फेऱ्यात पाते पापुद्र्याच्या जाडीइतके पुढे सरकते. त्यामुळे गुंडाळलेला कागद उलगडावा तसा लाकडाचा सलग पट्टा बाहेर पडतो. पात्याच्या अगदी पुढे असलेली दाबपट्टी लाकूड दाबून धरते व ते आधीच चिरू देत नाही. तरीही पापुद्रा वळणातून सपाट होताना त्याच्या आतल्या बाजूला बारीक भेगा पडतात. या बाजूला सैल बाजू आणि उलट बाजूला घट्ट बाजू म्हणतात. प्लायवुडच्या दर्शनी थरात घट्ट बाजू बाहेर ठेवतात.

सोलून झाल्यावर मधला गाभा उरतो. ३० सेंमी. व्यासाच्या निर्दोष ओंडक्यातून १२ सेंमी. व्यासाचा गाभा सोडून १.५ मिमी. जाडीचा पापुद्रा काढल्यास सुमारे ४० मीटर लांबीचा पट्टा मिळतो. तोच ओंडका १५ सेंमी. व्यासाचा असेल, तर पट्टा जेमतेम ४.२ मीटरचा भरतो. जुन्या यंत्रांत ओंडका दोन्ही टोकांना पकडीत धरला जाई. गाभा फार बारीक झाला की तो वाकत असे, म्हणून तो बराच जाड सोडावा लागे. साहजिकच कारखान्यांना मोठ्या घेराची झाडे हवी असत. पकडीविना चालणाऱ्या यंत्रात ओंडका रुळांच्या साहाय्याने फिरवला जातो. त्यामुळे १५ सेंमी.च्या ओंडक्याचा गाभा ४ सेंमी.पर्यंत खाली आणता आला, तर सुमारे ११ मीटरचा पट्टा मिळतो. शेतात वाढवलेली बारीक झाडे प्लायवुडसाठी वापरणे यामुळे परवडू लागले.

तासणे : शोभेच्या व्हिनियरसाठी ओंडक्याचे उभे अर्धे किंवा चौथाई भाग करतात आणि त्यांवरून सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे पापुद्रे एकामागून एक तासतात. वार्षिक वलयांना स्पर्शरेषेच्या दिशेने काप गेल्यास कमानीसारखी नक्षी दिसते, तर वलयांना काटकोनात गेल्यास सरळ उभ्या रेघा दिसतात. लागोपाठ निघालेले पापुद्रे त्याच क्रमाने रचून ठेवतात, कारण शेजारचे दोन पापुद्रे उघडलेल्या पुस्तकाप्रमाणे जोडले असता नक्षी दोन्हीकडे सारखी जुळते. सागवानी व्हिनियर प्रामुख्याने याच पद्धतीने काढतात.

करवतीने कापणे : ही सर्वांत जुनी पद्धत होय. तिच्यात बरेचसे लाकूड भुशात जाते, म्हणून आता ती क्वचितच वापरली जाते.

पापुद्र्यांपासून प्लायवुड

सोललेला पट्टा ठरावीक मापात कापतात, त्यातील सदोष भाग काढून टाकतात आणि उरलेले पापुद्रे वाळवतात. पापुद्र्यात पाणी जास्त राहिल्यास गरम दाबयंत्रात त्याची वाफ होऊन थर फुगतात. वाळलेल्या पापुद्र्यांना चिकटद्रव्य लावून ते असे रचतात, की प्रत्येक थराचे तंतू शेजारच्या थराच्या तंतूंशी काटकोन करतील.

लाकूड ओलाव्याने तंतूंच्या दिशेत फारच थोडे, पण आडव्या दिशेत बरेच फुगते व आक्रसते. आडव्या-उभ्या रचनेत प्रत्येक थर शेजारच्या थराची हालचाल रोखतो. म्हणूनच प्लायवुडचा तक्ता लाकडी फळीपेक्षा कमी वाकतो आणि सहजासहजी उभा चिरत नाही. मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना ताण सारखा राहावा, यासाठी थरांची संख्या सामान्यतः ३, ५, ७ अशी विषम ठेवतात. रचलेले थर गरम दाबयंत्रात दाबून चिकटवल्यावर तक्त्याच्या कडा कापतात व पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात. बाजारात ८ × ४ फुटांचा तक्ता सर्वाधिक प्रचलित आहे.

प्रतवारी

प्लायवुडचा टिकाऊपणा लाकडाइतकाच चिकटद्रव्यावरही अवलंबून असतो. यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझीन स्वस्त असते, परंतु सततच्या ओलाव्यात टिकत नाही. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझीन उकळत्या पाण्यातही टिकते. सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडसाठी आयएस ३०३, मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१० आणि शोभेच्या व्हिनियरने मढवलेल्या प्लायवुडसाठी आयएस १३२८ ही भारतीय मानके आहेत. मरीन प्लायवुडचा नमुना ७२ तास पाण्यात उकळून तपासला जातो. दर्शनी पापुद्रा कितीही सुंदर असला, तरी त्यावरून आतील थरांची किंवा चिकटद्रव्याची प्रत कळत नाही.

जंगलाकडून शेताकडे

महाराष्ट्रात ओंडके सोलण्याचे तंत्र आगकाड्यांच्या उद्योगातही वापरले गेले. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी (विमको) १९२३ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईजवळील अंबरनाथ येथे तिचा कारखाना होता. काड्यांसाठी काटेसावरीसारखे मऊ व हलके लाकूड सोयीचे असते. पुढे १९८०च्या दशकात विमकोने नाबार्डच्या कर्जसाहाय्याने उत्तर भारतातील शेतकऱ्यांमध्ये पॉपलरच्या लागवडीचा प्रसार केला. हरियाणातील यमुनानगरच्या प्लायवुड उद्योगाला पॉपलर हाच मोठा आधार ठरला.

पश्चिम घाटातील परिस्थिती वेगळी होती. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेली येथे प्लायवुडचा कारखाना होता. मोठ्या घेराच्या झाडांची उद्योगाची मागणी नैसर्गिक जंगलातून भागवली जाई. मोठे झाड पाडून ओढून नेताना आसपासच्या झाडांचीही हानी होते. व्यापारी वृक्षतोडीविरुद्ध याच जिल्ह्यातील शिरसी तालुक्यात सप्टेंबर १९८३ मध्ये अप्पिको चळवळ सुरू झाली. ‘अप्पिको’ या कन्नड शब्दाचा अर्थ ‘मिठी मारणे’ असा आहे.

१९८८च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांच्या सहकार्याने निर्माण करावा, अशी दिशा दिली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात अरुणाचल प्रदेशातील तिरप व चांगलांग जिल्ह्यांतील आरागिरण्या, तसेच व्हिनियर व प्लायवुडचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर शेतातील पॉपलर व निलगिरी यांचे महत्त्व आणखी वाढले.

व्हिनियरसाठी झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने लाकडाच्या वजनाइतकाच खोडाचा आकार महत्त्वाचा असतो. बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच छाटल्यास त्यांच्या गाठी गाभ्याजवळच राहतात व बाहेरचे लाकूड स्वच्छ वाढते. वाकड्या व गाठाळ खोडापासून सलग पापुद्रा मिळत नाही. असे लाकूड लगदा किंवा जळणासाठी जाते आणि त्याला साधारणतः कमी भाव मिळतो.