प्रतिमांचे दप्तर

वुर्ट्झबर्ग येथे १८९५ च्या नोव्हेंबरात विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे मानवी देहाच्या अंतर्भागाची साक्ष प्रथम काचेवर आणि पुढे फिल्मवर चांदीच्या कणांनी लिहिली जात होती. आणि ती कितीही बोलकी असली तरी एकाच प्रतीत अस्तित्वात असल्यामुळे, शस्त्रक्रियागृहात गेली की वॉर्डातून नाहीशी होई, आणि दप्तरखान्यातील हजारो लिफाफ्यांत एकदा का भलत्या जागी पडली, की रुग्णाला पुन्हा किरणांसमोर उभे करण्यावाचून गत्यंतर उरत नसे. फिल्मची जागा घेणारी, प्रतिमा संगणकात साठवून हव्या त्या पडद्यावर दाखविणारी जी व्यवस्था आज ‘पॅक्स’ या नावाने रुग्णालयांत रुळली आहे, तिचे श्रेय सामान्यतः संगणकाला दिले जाते. माझ्या मते ते त्याहून अधिक एका कराराला द्यावयास हवे.

प्रतिमा संख्यारूपाने जन्मास आली ती या कराराच्या कितीतरी आधी. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद टिपला, तो अवघ्या ८० गुणिले ८० चौकटींचा. परंतु त्यातील प्रत्येक चौकट म्हणजे एक आकडा होता. दुर्दैवाने पुढे प्रत्येक कारखानदार हे आकडे आपापल्या पद्धतीने लिहू लागला, एकाच्या यंत्राची प्रतिमा दुसऱ्याच्या पडद्यावर उघडेना, आणि आकड्यांतून जन्मलेले चित्र जतन करण्यासाठी पुन्हा फिल्मवरच छापावे लागे.

१९८३ साली अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी ही क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि विद्युत उपकरणे बनविणाऱ्या कारखानदारांचा संघ यांची संयुक्त समिती बसली. तिचा १९८५ चा पहिला मसुदा पन्नास पिनांच्या जोडणीने दोन यंत्रे समोरासमोर जोडण्यापुरताच होता. १९९३ मध्ये त्याचे रूपांतर ‘डायकॉम’ या सामायिक संकेतात, म्हणजेच वर म्हटलेल्या करारात, झाले आणि प्रतिमा जाळ्यावरून कोठूनही कोठेही जाऊ लागली. ज्या गुप्ततेने गिऱ्हाईक आपल्याशी बांधलेले राहते, तीच गुप्तता बाजारातील प्रतिस्पर्ध्यांनी एका मेजाभोवती बसून सोडून द्यावी, ही घटना मला कोणत्याही यंत्राच्या शोधाइतकीच थोर वाटते. व्हिएन्नाचे डोनाउ, बाल्टिमोरचे माजी सैनिकांचे आणि लंडनचे हॅमरस्मिथ या रुग्णालयांनी त्याच दशकात फिल्मला निरोप दिला.

डायकॉमची संचिका उघडून पाहिली तर आरंभी १२८ बाइट्सची राखून ठेवलेली जागा, मग चार अक्षरांची खूण, आणि त्यानंतर क्रमांकित नोंदींची दीर्घ रांग लागते: रुग्णाचे नाव, जन्मतारीख, यंत्राचा तपशील, छेदाची जाडी, दोन बिंदूंमधील अंतर मिलिमीटरात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमीन, तिचे क्षेत्र आणि तिचा धनी जसे एकत्र नोंदलेले असतात, तसेच हे आहे. आणि अंतर नोंदलेले असल्यामुळेच गाठ सहा महिन्यांत किती वाढली हे मोजून सांगता येते. नाव मात्र बहुधा रोमन लिपीत लिहिले जाते, आणि आपल्याकडे एकच आडनाव त्या लिपीत दोन-तीन परींनी लिहिण्याची रीत असल्यामुळे, यंत्रावर नाव पुन्हा टंकताना पडलेल्या एका अक्षराच्या फरकाने जुना स्कॅन हाती लागेनासा होतो. म्हणूनच नोंदणीतले नाव थेट यंत्रापर्यंत पोहोचविणारी ‘वर्कलिस्ट’ मी या व्यवस्थेतील अत्यंत मोलाची सोय मानतो; टेक्निशियनला ते पुन्हा टंकित करावे लागत नाही.

संख्येचे खरे वैभव मात्र वाचनात आहे. हाउन्सफील्ड यांच्या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि घट्ट हाड हजाराच्या घरात. एवढा पल्ला डोळ्याला एकाच वेळी करड्या छटांत ओळखता येत नाही, म्हणून रेडिओलॉजिस्ट त्यातील हवा तेवढाच टप्पा पडद्यावर पसरवितो, ज्याला तो ‘विंडो’ म्हणतो, आणि त्याच छेदातून क्षणात फुप्फुसाची सूक्ष्म जाळी, क्षणात बरगडीची चीर प्रकट होते. ५१२ गुणिले ५१२ चौकटींचा एक छेद सुमारे अर्धा मेगाबाइट जागा घेतो, आणि छातीच्या एका तपासणीत असे शेकडो छेद असतात. फिल्मवर छापताना त्यांतील निवडक छेद, तेही एक-दोन विंडोत, कायमचे गोठतात.

या दप्तराला कुलूप लावणे मात्र अनेकांनी दुर्लक्षिले. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये दाखवून दिले, की जगभरातील कित्येक पॅक्स सर्व्हर इंटरनेटवर उघडे पडले होते, आणि त्यांत भारतातील रुग्णांच्याही प्रतिमा होत्या. चित्र आणि नाव यांचा अतूट संबंध राखणे हे डायकॉमचे ब्रीद, म्हणूनच चित्रासोबत रुग्णाचे नाव आणि जन्मतारीखही परक्याच्या हाती जाते. डायकॉमने कूटबद्ध पाठवणीची तरतूद केली असली तरी तिची अंमलबजावणी शेवटी रुग्णालयाच्या हाती राहते, आणि तेथील कसूर मला अक्षम्य वाटते.

केंद्र सरकारने २०१३ साली आरोग्य-नोंदींसाठी जाहीर केलेल्या मानकांत डायकॉमला स्थान दिले. तरीही तालुक्याच्या गावी सीटी काढलेल्या रुग्णाच्या हाती पुष्कळदा छापील फिल्मचे चार ताव आणि अहवाल एवढेच पडते, आणि मुंबई-पुण्याच्या सर्जनला त्या तावांवर ना विंडो बदलता येते, ना न छापलेला छेद पाहता येतो. मग तपासणी पुन्हा, खर्च पुन्हा, आणि किरणांचा मारा पुन्हा. फिल्म हवी असेल त्याने ती जरूर घ्यावी. परंतु सर्व छेदांसह मूळ संचिका, सीडीवर असो वा सुरक्षित दुव्याने, रुग्णाने न मागताच अहवालासोबत त्याच्या स्वाधीन झाली पाहिजे.