गुलमर्गच्या बर्फावर स्कूटरने जाताना

आपल्या दाभोळकडील मंडळींना चिखल नवा नाही, बर्फ मात्र नवा. भाताच्या चिखलणीत पॉवर टिलर रुतू नये म्हणून आपण त्याला रुंद लोखंडी चाके लावतो. काश्मीर सहलीत भेटणारी बर्फावरची स्कूटर याच न्यायाने चालते. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा. वजन पसरते आणि गाडी रुतत नाही.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तेथे भरपूर बर्फ असतो. नेमका तोच आपल्या आंब्याच्या मोहोराचा काळ. तेव्हा फवारणीचे काम घरातल्या जाणत्या माणसावर सोपवूनच निघावे.

स्कूटर स्थानिक चालक चालवतो, आपण मागे बसायचे. भाडे, अंतर व परतीची वेळ आधी ठरवावी. हेल्मेट मागून घ्यावे. पदर, शाल, ओढणी नीट खोचावी. लोंबती राहिल्यास पट्ट्यात अडकते. सुती मोजे ओले झाले की पाय बधिर होतात, म्हणून लोकरीचे दोन जोड न्यावेत. बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना बाधते. काळा चष्मा हवाच. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गजवळ अफरवटच्या उतारावर बर्फाचा कडा कोसळून दोन पोलिश स्कीपटू दगावले. म्हणून चालक ‘आज वर नको’ म्हणाला, तर हुज्जत घालू नये. उधाणात तांडेल होडी लोटत नाही, तेव्हा आपण त्याचे ऐकतोच ना?