हृद्रोग्याचें रुग्णालय आधींच शोधून ठेवा

हृदय हें शरीरांतील तीन प्रधान मर्मांपैकीं एक होय, असें चरकसंहिता सांगते. या मर्मावर घाला आला म्हणजे विचार करीत बसण्यास अवकाश राहत नाहीं. सरकारी आरोग्य योजनेंतून उपचार कोठें होतील याचा शोध त्या वेळीं आरंभणें म्हणजे घरास आग लागल्यावर विहीर खणणें होय. तो शोध घरांतील सर्वांची प्रकृति ठीक असतांनाच करून ठेवावा.

सरकारी योजना गोरगरिबांकरितां. आपल्यासारख्यांनीं ती मागणें कमीपणाचें, अशी समजूत सुशिक्षित घरांतून अद्याप आढळते. ती सोडून दिली पाहिजे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वीं मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती होती. १ जुलै २०२४ पासून पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांसही ती लागू झाली आणि कुटुंबामागें वर्षाची मर्यादा दीड लाखावरून पांच लाख रुपये झाली. त्याच वर्षीं २९ ऑक्टोबर रोजीं केंद्र सरकारनें सत्तर वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठीं, उत्पन्नाची अट न घालतां, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड सुरू केलें. केंद्रीय आरोग्य योजनेचा लाभ घेणाऱ्या निवृत्त नोकरांस मात्र दोहोंपैकीं एकच निवडावी लागते; खाजगी विमा असणारांस तशी आडकाठी नाहीं. जें सर्वांच्या करांतून उभें राहिलें आहे, तें घेण्यांत भिक्षेचा संबंध कोठें येतो?

तथापि हक्क असणें निराळें आणि योग्य दार सांपडणें निराळें. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांस पहाटे छातींत कळ आली. मुलानें त्यांस ज्या रुग्णालयांत नेलें, तेथें दर्शनी भिंतीवर योजनेची पाटी होती. परंतु त्या रुग्णालयास मान्यता होती ती हाडांच्या व मूत्रपिंडाच्या उपचारांची, हृदयाची नव्हे. पाटी खोटी नव्हती, पण तिनें सर्व सांगितलें नव्हतें. दुसरीकडे पोहोंचेपर्यंत दोन तास गेले. गृहस्थ वांचले, परंतु हृदयाच्या स्नायूचा जो भाग रक्तावांचून मेला, तो पुन्हा जिवंत होत नाहीं. आज त्यांस एक जिना चढतांना दोनदां थांबावें लागतें.

या योजनांत रुग्णालयास विशिष्ट शाखांपुरती मान्यता मिळते. म्हणून १५५३८८ अथवा १४५५५ या क्रमांकावर विचारून जवळच्या रुग्णालयांचीं नांवें उतरून घ्यावीं. परंतु तेवढ्यावर विसंबूं नये, कारण यादी बदलत असते. सवड काढून स्वतः तेथें जावें आणि योजनेच्या कामासाठीं नेमलेला जो 'आरोग्यमित्र' असतो, त्यास चार गोष्टी विचाराव्या. हृद्रोगशाखेस आजही मान्यता आहे काय? अँजिओप्लास्टी व बायपास दोन्ही येथेंच होतात, कीं एकासाठीं अन्यत्र पाठवितात? हृदयाचे डॉक्टर रात्रीं व रविवारीं असतात काय? अँजिओग्राफीनंतर पुढील उपचारांची गरज न निघाल्यास त्या तपासणीचा खर्च कोणी सोसावयाचा? मिळालेलीं उत्तरें तारीख घालून लिहून ठेवावीं. यादीबाहेरील रुग्णालयांत पैसे भरून ते मागाहून परत मागण्याची ही योजना नव्हे, हेंही ध्यानांत असावें.

कार्ड आधींच काढावें, आणि आधार व शिधापत्रिका यांतील नांवें जुळतात कीं नाहीं तें पाहावें. एका कागदावर सुनेचें सासरचें नांव आणि दुसऱ्यावर माहेरचें, ही अडचण आपल्या घरांतून नेहमींची आहे.

एवढी सिद्धता असली तरी प्रत्यक्ष प्रसंगीं एक विवेक राखावा. छातीवर ओझें ठेवल्यासारखें वाटणें, कळ डाव्या हातांत वा जबड्यांत जाणें, दरदरून घाम सुटणें, किंवा वृद्ध, स्त्रिया व मधुमेही यांच्या बाबतींत कधीं नुसती धाप लागणें, अशीं चिन्हें दिसतांच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लिहून ठेवलेलें रुग्णालय फार दूर असेल, तर जेथें हृदयाचा आलेख काढून रक्ताची गांठ विरघळविणारें इंजेक्शन देतां येतें, अशा सर्वांत जवळच्या ठिकाणीं प्रथम जावें. तातडीच्या रुग्णासाठीं दूरध्वनीवरून मंजुरी मागण्याची सोय योजनेंत आहे. कागद मागाहून देतां येतात. गेलेली घटका परत आणतां येत नाहीं.