तालुका लोकल बोर्डांचा लोप आणि त्यांचे कागद

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अव्वल इंग्रजीनंतरचे कागद चाळतांना लोकल फंड, तालुका लोकल बोर्ड, जिल्हा लोकल बोर्ड व पंचायत समिती अशीं नांवें आढळतात. हीं एकाच संस्थेचीं नामांतरें समजल्यास कागदाचा काळ व अर्थ दोन्ही चुकतात. म्हणून त्यांचा क्रम येथें देतों.

जमीनसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा घेऊन रस्ते, शाळा, विहिरी व धर्मशाळा यांकडे लावावा, या लोकल फंडाच्या पद्धतीस मुंबई इलाख्यांत १८६९ मध्यें कायद्याचा आधार मिळाला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ च्या कायद्यानें दुहेरी रचना आली : प्रत्येक तालुक्यास एक बोर्ड व त्यांवर जिल्ह्याचें बोर्ड. नगर जिल्ह्यांत तेव्हां अकोलें, संगमनेर, कोपरगांव, राहुरी, नेवासें, शेवगांव, नगर, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत व जामखेड असे अकरा तालुके होते. आरंभीं जिल्हा बोर्डाचें अध्यक्षपद कलेक्टराकडे व तालुका बोर्डाचें प्रांताधिकाऱ्याकडे असे.

१९२३ च्या कायद्यानेंही ही रचना कायम ठेविली. परंतु तालुका बोर्डांचें उत्पन्न अपुरें. त्यांच्या हातून भरीव काम होईना. अखेर १९३८ मध्यें तीं मोडून सर्व कारभार एकट्या जिल्हा बोर्डाकडे आला. वायव्येस सह्याद्रीलगतचें अकोलें व आग्नेयेस जामखेड, दोहोंची दाद आतां नगरासच लागावयाची. नागपूरकडे मात्र १९४८ मध्यें उलट प्रयोग झाला. तेथें जिल्ह्याची पायरी काढून तहसिलीच्या जनपद सभा स्थापिल्या. पुढें महाराष्ट्राच्या १९६१ च्या कायद्यानें १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समिती अशा दोन्ही पायऱ्या एकत्र आणिल्या. चोवीस वर्षांपूर्वी मोडलेली तालुक्याची पायरी अशा रीतीनें पुन्हा उभी राहिली.

यावरून संग्राहकांस एक उपयुक्त कसोटी मिळते. चालू तालुका लोकल बोर्डाचा कागद १८८४ पूर्वींचा किंवा १९३८ नंतरचा असूं शकत नाहीं. पंचायत समितीचा १९६२ पूर्वींचा नव्हे. मधल्या चोवीस वर्षांच्या कामांचा शोध जिल्हा बोर्डाच्या दप्तरांत घ्यावा. मोडलेल्या संस्थेच्या कागदांस मालक उरत नाहीं. एखाद्या जुन्या सभासदाच्या घरीं बोर्डाची यादी किंवा हिशेब सांपडल्यास तो रद्दींत जाऊं देऊं नये. गांवच्या विहिरीचा किंवा धर्मशाळेचा तोच एकमेव दाखला असूं शकेल.