सोयावडी मटणासारखी का चावते?

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे)च्या शिवारात सोयाबीन पिकतं. त्याचीच वडी सावजी रश्शात मटणासारखी कशी चावते? तेल काढलेल्या सोयापिठात जवळपास निम्मी प्रथिनं असतात. ओलसर पीठ यंत्रात उष्णतेने आणि दाबाने मळलं जातं, तेव्हा गुंडाळलेली प्रथिनं उलगडतात. शेवेच्या सोऱ्यासारख्या छिद्रातून सरकताना ती एका दिशेने जुळतात. बाहेर येताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि वडी फुगते. म्हणूनच ती तंतुमय असते, रस्साही भरपूर शोषते.

वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी 1935 मध्येच सोयाबीन आहारात आणून पाहिलं होतं. मटण कमी करायचं असेल, तर महागड्या शाकाहारी 'मांसा'पेक्षा ही वडी मला केव्हाही पटते. मात्र तिच्यात ब-12 जीवनसत्त्व नसतं. म्हणून मांस पूर्ण सोडणाऱ्यांनी दूध-दही सोडू नये.